गंगाक्काची तबकडी

आमचं मन्नाएखेळ्ळीचं घर म्हणजे पुढं दुकान आणि मागं गोठा, आणि या दोहोंच्या मधे जी काही जागा उरेल तिथं आम्ही माणसं. पुढच्या अंगाला हैदराबादकडं जाणारा रस्ता. त्यावरून दिवसभर बैलगाड्यांच्या घुंगरांचा, अधूनमधून एखाद्या मोटारीचा आणि अखंड आमच्या अप्पांच्या बोलण्याचा आवाज यायचा. अप्पा गूळ, मीठ, मिरच्या आणि दोरखंड विकायचे आणि गिऱ्हाईक ज्या भाषेत आलं असेल त्याच भाषेत त्याच्याशी भांडायचे. मराठी, कन्नड आणि दखनी, तिन्हींत त्यांची जीभ सारखीच चालायची. मागच्या अंगाला गंगाक्का. ती अप्पांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या; पण अप्पा तिला अक्का म्हणायचे म्हणून आम्हा पोरांसकट सगळा गाव तिला गंगाक्काच म्हणायचा. चिंताकीला दिली होती, नवरा लवकर वारला, मग परत आली आणि आल्या दिवसापासून पदर खोचून कामाला लागली. गोठ्यात उभं राहून ती म्हशीला हाक मारायची तेव्हा आमची म्हैस तर यायचीच, पण शेजारच्या दोन घरांच्या म्हशीही दावं ओढायला लागायच्या. शेतात गड्याला निरोप द्यायचा असला तर अप्पा कुणाला पाठवायचे नाहीत. "अक्का, जरा हाक मार की," म्हणायचे, आणि गडी तिकडून यायचा.

आवाज नुसता मोठा असता तर तिला लोक भ्यायले असते. पण तो गोडही होता, आणि त्या गोड आवाजात ती वाट्टेल ते वात्रट गाणं गंभीर चेहऱ्यानं म्हणायची, त्यामुळं पंचक्रोशीत हळद असो, डोहाळजेवण असो की बारसं, गंगाक्का पाहिजेच. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येच्या सणाला तर आमच्या शेतात जत्रा भरल्यासारखी माणसं यायची. कडब्याची खोपटी, म्हणजे कोप, माठातली गार आंबील, सगळ्या भाज्या एकत्र शिजवलेली ती घट्ट भज्जी, बाजरीचे उंडे, आणि पोटं तुडुंब भरली की गंगाक्काचं जावयाचं गाणं. आंबील प्यायला आलेला जावई नको तेवढी पितो, कोपीतच आडवा होतो, आणि बैल येऊन त्याचा फेटा खाऊन टाकतो, अशी त्याची हकीकत. बैल फेटा खायला लागला की बायका पदर तोंडात कोंबायच्या आणि खरे जावई असतील ते उठून विहीर बघायला जायचे.

पण त्या जावयापर्यंत पोचणं सोपं नव्हतं. आमच्याकडं गाण्याला एकदम हात घालायचा नाही, आधी नमन. घरचा देव, गावचा बसवण्णा, वेशीवरचा मारुती, मैलारचा खंडोबा, गाणगापूरचे दत्त, दर्ग्यातले पीरसाहेब, एकेकाचं नाव सुरात घ्यायचं. मग ज्या गावांतून सुना आल्या आणि ज्या गावांना लेकी गेल्या तिथले देव. माझी आई, अव्वा, खजुरीची, म्हणून खजुरीचा देव. शिवाय समोर ऐकायला जी माणसं बसलीत त्यांच्या गावचा एकही देव राहता कामा नये, नाहीतर ते माणूस रुसतं आणि देवही रुसतो. मी गंगाक्काच्या मागं बसून प्रत्येक नावानंतर "नमन गं माझं" अशी ओढ धरायची, कारण घरात तिच्याखालोखाल माझाच गळा बरा होता. पाहुणे जास्त असले की नमनातच माझा घसा कोरडा पडायचा. ऐकणारे मात्र त्या वेळात पान लावून घ्यायचे, पोरांना झोपवायचे, कुणाचं कुठं जमलंय ते बोलून घ्यायचे. नमनाचा तोच उपयोग आहे अशी माझी लहानपणी समजूत होती.

तर असं चाललेलं असताना आमच्या दुकानी कासीममियाँ यायला लागले. ते हुमनाबादचे. बाजे आणि तबकड्या विकायचे. गाडीतून एक भोंग्याचा बाजा घेऊन गावोगाव फिरायचे, आणि अप्पा बोलण्यात गुंतणारे गिऱ्हाईक आहेत हे ओळखून आमच्या ओट्यावर मुक्काम ठोकायचे. त्यांनी चावी देऊन तबकडी लावली आणि भोंग्यातून कुणा बाईचं गाणं निघालं, तेव्हा गंगाक्का परातीत पीठ मळत होती. हात तसेच पिठात ठेवून ती दारात आली आणि गाणं संपेपर्यंत हलली नाही. मग तिनं विचारलं, "ह्या बाईनं सोताचं गाणं ऐकलं असंल का ओ मियाँ?"

"हौ तो," कासीममियाँ म्हणाले, "घर में आराम से बैठको सुनती."

त्या दिवशीच्या भाकऱ्या जाड झाल्या. जेवणानंतर मागची आवराआवर करताना ती अव्वाला म्हणाली, "म्या आजपतुर समद्यायला ऐकवलं गं. मला कुणी ऐकवलंय? लगीन असू दे, बारसं असू दे, तुमी समद्या बसताव, पान खाताव, माना हलवताव, आन् म्या आपली नरडं ताणायली. मला बी एकदा बसायचंय, पान खायचंय आन् जावयाचं गाणं ऐकायचंय." अव्वा भांडी घासता घासता थांबली. ती बोलायला फार कमी. पण दुसऱ्या दिवशी कासीममियाँना चहा नेऊन द्यायचं काम तिनं स्वतः केलं, आणि कपबशी खाली ठेवताना विचारलं, आमच्या वन्संचं गाणं त्या ताटलीत घालता येतं का.

कासीममियाँना हेच तर पाहिजे होतं. तबकड्यांच्या कंपनीचे लोक थोड्याच दिवसांत गुलबर्ग्याला येणार होते, आणि त्यांना खेड्यातल्या बायकांची लग्नाची गाणी हवी होती. गंगाक्काचा आवाज तर ते रस्त्याच्या पार पलीकडून ऐकत आले होते. अडचण होती ती अप्पांची. एरवी तीन भाषांत बोलणारा माणूस, त्या दिवशी तिन्ही भाषांत एकच म्हणत होता, की घरंदाज बाईचा आवाज बाजारात, लोक काय म्हणतील. कासीममियाँनी गोड बोलून पाहिलं. गंगाक्कानं न बोलून पाहिलं, आणि गंगाक्का गप्प बसली की आमच्या घरात काहीतरी मोडल्यासारखं वाटायचं, म्हैससुद्धा बिचकायची. शेवटी अप्पांनी तोड काढली. "जा म्हनं. पण आदी देवाचं नाव. देव घेतल्यावर कोण नावं ठिवतंय बघतो मी." हा तोडगा सगळ्यांना इतका आवडला की गूळ वाटला.

मग तालीम. तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटं आणि वर थोडंसं, एवढंच गाणं मावतं असं कासीममियाँनी सांगितलं आणि आपलं मोठ्या तोंडाचं घड्याळ अप्पांकडं ठेवून गेले. आमच्या घरात आलेलं ते पहिलं घड्याळ. अप्पांना त्याचा एवढा अभिमान, की गिऱ्हाइकाला मीठ मोजतानाही ते घड्याळात बघायचे. गंगाक्का रोज दुपारी जावयाचं गाणं म्हणायची आणि अप्पा पुढ्यात घड्याळ घेऊन बसायचे. पहिले काही दिवस बैलानं फेटा तोंडात धरला की वेळ संपायचा. "अक्का, बैलाला म्हनावं जरा बिगीन खा," अप्पा म्हणायचे. मग जावयाची बहीण कापली, सासऱ्याचं एक कडवं कापलं, आंबील पिण्याची चार कडवी होती ती दोनावर आणली. होता होता गाणं असं चपखल बसलं, की फेट्याचं शेवटचं टोक बैलाच्या पोटात जायचं आणि काटा ठरल्या जागी यायचा. कासीममियाँ ऐकायला आले आणि खूश होऊन गेले.

नमनाची तालीम कुणीच केली नाही. आता वाचणाऱ्याला वाटेल ही माणसं बिनडोक होती. पण तालमीत देवाचं नाव घ्यायचं नसतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळायचं. मी एकदा सवयीनं "नमन गं माझं" म्हणून गेले तर गंगाक्कानं माझ्या मांडीला चिमटा काढला. "देवाला उगी कामून बोलवायलीस? येतील समदे, आन् विचारतील काय काम हाय. काय सांगणार, तालीम चाललीय म्हनून?" तेव्हा नमन घरी झालं नाही, आणि घड्याळातही ते धरलं गेलं नाही. ज्यांनी देवाची अट घातली ते अप्पाच घड्याळ धरून बसले होते, पण त्यांच्याही डोक्यात ते आलं नाही. अव्वाच्या नाही, माझ्या नाही. आम्ही शेंगांची चटणी आणि कडक भाकऱ्या बांधून मोटारीनं गुलबर्ग्याला निघालो तेव्हा वाटेत गंगाक्का हसून म्हणाली, "जावई आता पाठ हाय, झोपंत सोडला तरी घरी यील."

कंपनीनं एक बंगला भाड्यानं घेतला होता. आतल्या खोलीच्या भिंतींना सतरंज्या आणि गोधड्या टांगलेल्या, खिडक्या बंद, आणि पंखा लावायचा नाही, कारण त्याचा आवाज तबकडीत जातो. त्या उकाड्यात आम्ही आधीच शिजून निघालो. मधोमध एका उभ्या दांडीवर जाळीचं एक डबं. कासीममियाँनी समजावलं की पूर्वी गाणाऱ्याला भोंग्यात मुंडी घालून ओरडावं लागायचं, आता बिजलीचं यंत्र आलंय, ते जाळीतून आवाज घेतं आणि तारेतून पलीकडच्या खोलीत नेतं. गंगाक्कानं त्या जाळीत डोळा लावून बघितलं आणि आत कुणी नाही याची खात्री करून घेतली. पलीकडच्या खोलीत यंत्र होतं. मेणाची जाड तबकडी, उंडा थापून ठेवल्यासारखी, दिव्याच्या कपाटात उबेला ठेवलेली. ती फिरवायला वरून लोंबणारं एक वजन, ते हळूहळू खाली यायचं. आणि त्या मेणावर एक सुई बारीक रेघ ओढत जायची. तो सगळा कारभार एका गोऱ्या साहेबाकडं होता. त्याला आपली एकही भाषा येत नव्हती. तांबडा दिवा लागला की सुरू करायचं, विझला की थांबायचं, मधे खोकायचं नाही, बोलायचं नाही, वाहवा करायची नाही, असं कासीममियाँनी हात जोडून सांगितलं.

आधी आवाज बघायला म्हणून साहेबानं गंगाक्काला एक ओळ म्हणायला लावली. तिनं ती म्हटली आणि पलीकडच्या खोलीतून साहेब कानावरचं काढून धावत आला. तिला चार पावलं मागं सरकवलं. पुन्हा ओळ, पुन्हा साहेब. असं करत करत गंगाक्का भिंतीला लागली, मग दाराच्या चौकटीत गेली, आणि शेवटी मोरीच्या उंबऱ्यावर उभी राहिली तेव्हा साहेबाचं समाधान झालं. "मला घरला धाडायलाय का काय ह्यो?" ती म्हणाली. मी मात्र डब्याजवळ, कारण माझा आवाज त्यांना ऐकूच येईना. अप्पा आणि अव्वा कोपऱ्यात सतरंजीला चिकटून उभे.

तांबडा दिवा लागला. गंगाक्कानं पदर सारखा केला, डोळे मिटले आणि घरच्या देवाचं नाव घेतलं. मी ओढ धरली. बसवण्णा झाला, मारुती झाला. कासीममियाँच्या तोंडावरचं हसू खंडोबापर्यंत टिकलं. दत्तांपाशी त्यांनी अप्पांकडं बघितलं. अप्पांनी घड्याळाकडं बघितलं, आणि त्यांचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. एखाद्याला भरल्या ताटावर बसल्यावर आपण चूल विझवली नाही हे आठवावं तसा. पण बोलायचं कसं? दिवा तर जळतोय. कासीममियाँ पुढं झाले आणि गंगाक्कासमोर काकुळतीनं दोन्ही हात जोडले, की बस करा बाई. गंगाक्कानं तेवढ्यात डोळे उघडले. तिला वाटलं मियाँना भक्ती दाटून आली. तिचा जीव भरून आला, आणि हा माणूस हुमनाबादचा, त्याचं दैवत आपण विसरत होतो, हे ध्यानात येऊन तिनं हुमनाबादच्या पिराचं नमन घेतलं, चांगलं दोनदा. मियाँनी कपाळ धरलं. तिला वाटलं सलाम केला. पलीकडच्या खोलीच्या काचेतून साहेब बघत होता, मग त्याला कसं टाकायचं? विलायतेच्या देवाचं नाव तिला ठाऊक नव्हतं, म्हणून "समिंदराच्या पल्याडचा जो कुणी असशील" असं म्हणून त्यालाही नमन केलं. मग खजुरी आली. मग कुठं एकदाचे देव संपले, गंगाक्कानं जावयासाठी छाती भरून श्वास घेतला, आणि दिवा विझला.

साहेब नाचत बाहेर आला. आवाज त्याला फारच पसंत पडला होता. गाणं कुठलं आणि नमन कुठलं, त्या बिचाऱ्याला काय कळणार! गंगाक्का उंबऱ्यावर तशीच श्वास भरून उभी होती. "दिवा कामून गेला?" तिनं विचारलं. अप्पांनी घड्याळ खिशात घातलं. "अक्का, टाइम देवातच गेला."

पण अजून दुसरी बाजू होती. साहेब दुसरं मेण लावायला लागला तेव्हा कासीममियाँच्या जिवात जीव आला. "बाई, अब सीधा जावई. देवाँ को नक्को छेडो. हो गए ना सब के सलामाँ!"

"ते त्या ताटलीवर झाले," गंगाक्का म्हणाली. "ही नवी हाय न्हवं?"

"अरे बाई, एकीच तबकडी की दूसरी बाजू है ये!"

"मग कुणी हीच बाजू आदी लावली म्हंजे? बिगर देवाचं गाणं सुरू व्हायचं की न्हाई? पाप कुनाला, लावणाऱ्याला का गाणारीला?"

कासीममियाँनी अप्पांकडं बघितलं. अप्पांच्या मनात काय चाललं असेल ते मला दिसत होतं. जन्मभर तिन्ही भाषांत वाद घालणारा माणूस, आणि या मुद्द्याला एकाही भाषेत उत्तर नव्हतं. "अक्काचं खरं हाय," ते पडेल आवाजात म्हणाले. बाहेर कव्वाली म्हणणाऱ्यांचा एक ताफा घामाघूम होऊन आपल्या पाळीची वाट बघत होता आणि दार वाजवत होता. गंगाक्कानं शब्द दिला, की अगदी थोडक्यात घेते, पाचच देव. दिवा लागला. पाच देव झपाट्यानं झाले. मियाँ हसायला लागले. आणि तेवढ्यात गंगाक्काचा चेहरा पांढरा पडला, कारण पहिल्या बाजूला आपण चिंताकी विसरलो, आपलं स्वतःचं सासर, हे तिला आठवलं. मग चिंताकीचा मारुती आला. एकट्या मारुतीला घेतलं तर तिथली लक्ष्मी राहते, म्हणून लक्ष्मी आली, मग दिराच्या शेतातला म्हसोबा. चिंताकी झाली म्हटल्यावर तिच्या शेजारची गावं. माझा घसा बसत चालला होता, मी नुसतं "नमन, नमन" म्हणत होते. शेवटी गंगाक्कानं "आता ऐका गाणं" असं खणखणीत म्हटलं, आणि दिवा विझला.

तिसरं मेण मिळालं नाही. निदान झालं ते ऐकवा, असं गंगाक्का म्हणाली, तर तेही जमेना. मेणावर पुन्हा सुई ठेवली की रेघ पुसते. ते मेण आधी कलकत्त्याला जाणार, तिथं त्याचा साचा होणार, मग पक्क्या तबकड्या निघणार. परत येताना मोटारीत गंगाक्का खिडकीतून बाहेर बघत बसली. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं होतं. ती म्हणाली, "जावई राहिला गं," आणि ते मला इतकं लागलं की मी रडले. तिनं मला थोपटलं.

माझा नातू परवा पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची एक पेटी घेऊन आला. भाता नाही, तारा नाहीत, बटण दाबलं की तबला, दुसरं दाबलं की सनई, तिसरं दाबलं की कुणीतरी शंभर माणसं आ करतात. त्यावर त्यानं काहीतरी वाजवलं, फोनमध्ये भरून घेतलं, ऐकलं, नाक मुरडलं आणि पुसून टाकलं. असं त्यानं चहा निवायच्या आत चारदा केलं. मी म्हटलं, अरे ठेव की एखादं. तर म्हणतो, आजी, जागा अडते. मला त्या मेणाच्या उंड्याची आठवण झाली आणि मी उगाचच त्याच्यावर चिडले. त्याला काय कळणार मी कशावर चिडले ते!

ज्वारीची रास झाल्यावर कधीतरी तबकडी आली. कासीममियाँ गवतात गुंडाळलेलं तबकड्यांचं पार्सल घेऊन आले ते चोरासारखे, दुकानाच्या मागच्या दारानं. आत गाणंच नाही हे कंपनीला त्यांनी सांगितलंच नव्हतं. तबकडीवर छापलं होतं, "जावयाचं गाणं, भाग पहिला", आणि मागं "भाग दुसरा". जावई दोन्ही भागांत नव्हता. अप्पांनी डोळे मिटून सुई ठेवायला सांगितली. ओट्यावर दहा-बारा माणसं होती. भोंग्यातून गंगाक्काचा आवाज निघाला, घरचा देव, बसवण्णा, आणि ओट्यावरची माणसं एकेक करून उठली. गावच्या बसवण्णाचं नाव यंत्रातून आलं म्हटल्यावर बसून कसं राहायचं? चपला खाली काढल्या गेल्या. कुणीतरी हात जोडले, मग सगळ्यांनीच जोडले. दुसऱ्या दिवशी कुणी भोंग्याला हळदकुंकू लावलं आणि तिसऱ्या दिवशी एकानं बाज्यापुढं नारळ फोडला, त्याचं पाणी चावीत गेलं म्हणून कासीममियाँ त्याच्या अंगावर धावून गेले. गाणं कुठाय हे कुणी विचारलंही नाही. ज्या ज्या गावचं नाव त्यात होतं तिथली माणसं गाडी जुंपून आपला देव ऐकायला आली आणि जाताना तबकडी घेऊन गेली, घरी बाजा असो नसो. कासीममियाँना तर आता नमनाच्या तबकड्या काढायचा धंदाच करावा असं वाटायला लागलं.

चिंताकीचे लोकही आले, पण ते भांडायला आले. पुढं गंगाक्काचे दीर, मल्लप्पा. पाणीसुद्धा न घेता ते ओट्यावर उभे राहिले. "आमचा मारुती पाठीमागं कामून घातलाव? खजुरीचा देव पुढं, हुमनाबादचा पुढं, गोऱ्याचा देव पुढं, आन् आमी मागं? सासर हाय का काय हाय हे तिचं?"

अप्पांनी तबकडी हातात घेतली आणि मल्लप्पांच्या नाकासमोर धरून एकदा अशी, एकदा तशी उलटवली. "दाजी, ह्यात पुढं कंचं आन् मागं कंचं, दावा बरं. जी बाजू वर ती पुढं." आणि चिंताकीची बाजू वर करून लावली. मल्लप्पांनी ती तीनदा ऐकली, आपल्या शेतातल्या म्हसोबाचं नाव आलं तेव्हा डोळे पुसले, आणि मग जेवायला थांबले. खजुरीच्या माझ्या मामानं हे बघितलं आणि तो न जेवता गेला.

या सगळ्या गर्दीत गंगाक्का कुठं होती? चुलीपुढं. आलेल्या माणसांना भाकरी कोण घालणार? ओट्यावर तिचा आवाज गाजत होता आणि ती आत पिठलं हाटत होती. भिंतीपलीकडून काहीतरी गुणगुण यायची, की फोडणी चुरचुरायची आणि ते बुडायचं. मी एकदा तिला हाताला धरून ओढलं तर म्हणाली, "थांब गं, पीठ भिजवलंय." आठवडा झाला, पंधरवडा झाला. गावानं ऐकलं, पाहुण्यांनी ऐकलं, आणि तिचं ऐकायचं राहिलंच. मला अप्पांचा राग यायचा, त्या लोकांचा राग यायचा. पण राग सगळ्यांत जास्त अव्वाला आला होता, हे मला एके दिवशी दुपारी कळलं.

जेवणं झाली होती. अव्वा उठली, दुकानात गेली, आणि अप्पांच्या पुढ्यातला बाजा तबकडीसकट उचलून आत घेऊन आली. दाराला आतून कडी घातली. बाहेरून अप्पा "अगं, गिऱ्हाईक हाय" म्हणाले. "साकु," अव्वा कन्नडात म्हणाली, पुरे. मग तिनं गंगाक्काच्या हातातली परात काढून घेतली, घोंगडी अंथरली, भिंतीला लोड लावला आणि तिला म्हणाली, "बसा." गंगाक्का इतकी गोंधळली की पाहुणी आल्यासारखी कडेला टेकली. अव्वानं पान लावून दिलं. मी चावी दिली.

पहिलं नाव निघालं तशी गंगाक्कानं डोक्यावर पदर घेतला. "ही कोन बाई?" ती कुजबुजली. तुम्हीच, असं अव्वा म्हणाली तरी तिला पटेना. मग माझी ओढ ऐकू आली, ती तिनं ओळखली, आणि मग हळूहळू पाय पसरले. पान चावायला लागली. मान हलायला लागली. "आवाज बरा हाय हं बाईचा," ती म्हणाली. खंडोबापर्यंत ती खूश होती. दत्तांपाशी तिनं पानाची शीर काढून टाकली. हुमनाबादचा पीर दुसऱ्यांदा आला तेव्हा तिनं अव्वाकडं बघितलं. समुद्रापलीकडच्या देवाला ती जांभई देऊन गेली. बाजू संपली, मी उलटी केली, आणि पुन्हा घरचा देव निघाला तशी ती ताठ बसली. "आगं, परत? परत कामून सुरू केली ही?" पुढं चिंताकी आली, लक्ष्मी आली, म्हसोबा आला, आणि गंगाक्कानं भोंग्याकडं हात करून म्हशीला मारते तसली हाक मारली, "झालं की गं बाई समदं! गाणं म्हन की आता!"

"आता ऐका गाणं," भोंगा म्हणाला, आणि सुई मधोमध जाऊन खरखरायला लागली.

मग गंगाक्कानं अव्वाकडं बघितलं, अगदी अपराधी चेहऱ्यानं. "एवढी वर्सं तुमी समद्यांनी हे सोसलाव?"

अव्वाला हसू फुटलं. ती अशी हसली की भिंतीला धरून खाली बसली, मी हसले, आणि मग गंगाक्कानं तोंडातल्या पानासकट असं हसायला सुरुवात केली की बाहेरून अप्पा दार वाजवून काय झालं म्हणून विचारायला लागले. हसता हसताच तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते हसण्याचं नव्हतं. ती पदरानं तोंड पुसत राहिली. "जावई काई आला न्हाई गं," ती म्हणाली.

तेव्हा अव्वानं गायला सुरुवात केली. माझ्या आईला मी त्याआधी कधी गाताना ऐकलं नव्हतं, आणि का ऐकलं नव्हतं ते पहिल्याच ओळीला समजलं. सूर कुठं, ती कुठं. पण जावई आला. आंबील प्यायला लागला. मी मागं ओढ धरली, तिच्या सुरात धरायची की गाण्याच्या, ते कळेना, म्हणून दोन्हींच्या मधे कुठंतरी धरली. कापून टाकलेलं सासऱ्याचं कडवंही अव्वानं घेतलं, आंबिलीची चारी कडवी घेतली, आणि बैल कोपीत शिरला तेव्हा गंगाक्का लोडाला टेकून, डोळे मिटून मान हलवत होती. बैलानं फेटा तोंडात धरला आणि तिनं एकदम डोळे उघडले.

"आगं, नमन राहिलं की! बिगर नमनाचंच सुरू केलीस. देव रुसतील."

"रुसू द्या," अव्वा म्हणाली. "दोन्ही बाजू त्यायलाच दिल्यात. ही तुमची."